कुरकुर आणि लेथ

बेळगावातल्या जुन्या घरांत विकत आणलेली वस्तू आणली तशी फार दिवस राहत नाही. चाळणीच्या कडेला तार फिरते, सुपाच्या टोकाला पत्रा बसतो, खुर्चीच्या पायाखाली जुन्या चपलेचं रबर जातं. दुकानदार जिला तयार म्हणतो ती वस्तू घरच्या बाईच्या लेखी निम्मीच झालेली असते. उरलेलं काम घरात होतं, वापरता वापरता, आणि ते कुणी केलं याची नोंद कुठंच राहत नाही. मला ती नोंद राहावीशी वाटते, म्हणून मी एक वही केली आहे. शहापुरात असो, खानापुरात असो, निपाणीला नणंदेकडं असो, कुणाच्याही घरी गेले की माझा प्रश्न ठरलेला: "ह्यात तुम्ही काय बदललंत?"

सुरुवातीला सगळ्याच म्हणतात, "काय नाही ओ, आहे तसंच आहे की." मग चहा होतो, बोलणं दुसरीकडं वळतं, आणि मध्येच बाई उठून मला न्हाणीत नाहीतर परड्यात घेऊन जाते. "हे बघा, हे मात्र आमच्या ह्यांनी केलंय." बहुतेक वेळा केलेलं ह्यांनी असतं आणि सुचलेलं तिला.

वहीतलं मला फार आवडणारं पान खानापूरच्या एका माठाचं आहे. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना नामी. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथं आहे. तोटीचा माठ आता कुठल्याही बाजारात मिळतो, पण त्याला दोन खोडी असतात. तोटी अगदी बुडाशी असते, त्यामुळं तळाचा गाळ पहिल्या पेल्यात येतो. आणि तोटीभोवती पाणी झिरपत राहतं. या बाईनं दुसऱ्या खोडीचं कारण शोधून काढलं होतं. माठाचं पोट गोल, रबरी वायसर सपाट. गोलावर सपाट कसं बसणार? चाकी कितीही आवळली तरी वायसरच्या दोन बाजूंना फट राहतेच. ती कुंभाराकडं गेली आणि म्हणाली, भोक चार बोटं वर पाड, आणि माती ओली आहे तोवरच भोकाभोवतीची जागा आतून-बाहेरून थापून सपाट कर. कुंभार म्हणाला, "एवढंच? मग आजवर कुणी सांगितलं कसं नाही?"

कुंभाराचा हा प्रश्न मी वहीत लिहून त्याखाली रेघ ओढली आहे. घरातल्या वस्तू सुधारत नाहीत त्याचं कारण अक्कल कमी पडते हे नव्हे. जिला त्रास होतो तिला दोष नेमका ठाऊक असतो. ज्याच्या हातात चाक आहे, लेथ म्हणजे धातू फिरवत कापायचं यंत्र आहे, भट्टी आहे, त्याला माती आणि धातू ठाऊक असतो. या दोघांची गाठच पडत नाही. ती कुरकुर करत वापरत राहते, तो कुरकुर ऐकू न आल्यानं तेच पुन्हा बनवत राहतो. मधला दुकानदार विकतो आणि मोकळा होतो. जिथं जिथं या दोघांची गाठ पडली तिथं एखादी चांगली वस्तू झालेली मी पाहिली आहे.

बेळगावाला याबाबतीत मोठी सोय आहे. उद्यमबाग या कारखान्यांच्या वस्तीतल्या फौंड्र्या, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने, आणि लेथची दुकानं आमच्या गल्ल्यांपासून सायकलनं जाण्याच्या अंतरावर. गल्लीत एखादा टर्नर, एखादा पॅटर्नमेकर, एखादा फिटर सापडतोच. माझे धाकटे दीर आयुष्यभर टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी परड्यात पत्र्याची शेड घालून एक जुना छोटा लेथ बसवला. तेव्हापासून घरातली कुरकुर आणि लेथ यांच्यात फक्त न्हाणीची भिंत उरली.

पहिलं मोठं काम निघालं विळीचं. शेजारच्या काकींचे गुडघे गेले, खाली बसणं बंद झालं. सुरीनं चिरायची त्यांना सवय नाही. चाळीसेक वर्षं दोन्ही हातांनी भाजी पात्यावर नेलेली, आता एका हातात सुरी धरून चिरायला त्यांचा हात तयार होईना. मुलानं ओट्याच्या कडेला शिकंज्यानं आवळायची विळी आणून दिली. काकी ती वापरत, पण दुपारपर्यंत खांदे भरून येत, आणि नारळ खवायचा म्हटलं की सुनेला हाक.

भावोजी बघायला आले तेव्हा त्यांनी काकींना एकच विचारलं: "ती हलते कुठल्या बाजूला?" काकी क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "भाजी चिरताना फिरते, नारळ खवताना मागनं उठते." मला तेव्हा वाटलं, कारखान्यात तपासणीला बसलेला माणूस याहून नेमकं काय सांगणार होता! जमिनीवर आपण विळीच्या पाटावर पाय मुडपून बसतो, म्हणजे आपलं वजनच तिला दाबून धरतं. ओट्यावर ते वजन नाही. सगळा भार एका बोल्टवर, तोही ग्रॅनाइटच्या घासून गुळगुळीत केलेल्या गोल कडेवर. खवणी तर पात्याच्या टोकाला; तिथं दाबलं की मागची बाजू उठणारच.

मग खांद्यांचं. भावोजींनी टेप काढली. ओटा 33 इंच, त्यावर विळीचं पातं 8 इंच, म्हणजे धार 41 इंचांवर. काकी पाच फुटांच्या. उभं राहिल्यावर त्यांचं कोपर 38 इंचांच्या आसपास. म्हणजे दिवसभर त्या कोपराच्या वर हात उचलून चिरत होत्या. कोपराच्या दोन-तीन बोटं खाली काम आलं की खांदा मोकळा राहतो हे टर्नरला कुणी शिकवावं लागत नाही. लेथपुढं उंची चुकली तर पाठ धरते हे तो पहिल्याच महिन्यात शिकतो. त्यांनी ओट्याखाली, कप्प्यासारखी बाहेर ओढायची जाड फळी बसवली, 27 इंचांवर, पुढं टेकायला घडीचा पाय. विळीचा पाट मागं एक हात लांब केला, पुढच्या कडेला खाली वळलेला ओठ दिला. तो ओठ फळीच्या कडेला अडकतो, मागचा लांब पाट फळीवरच्या पट्टीखाली सरकतो. बोल्ट नाही, आवळणं नाही. नारळ खवताना मागची बाजू वर उठू बघते आणि पट्टीला दाबून बसते. जितका जोर जास्त तितकी विळी घट्ट.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती वाटते सांगू? काकींना नवं काहीही शिकावं लागलं नाही. हाताची चाल तीच राहिली. वस्तू बदलली म्हणजे माणसानंही बदलावं असा आग्रह धरणाऱ्या वस्तूंविषयी माझं मत चांगलं नाही. मिक्सरच्या भांड्याचं झाकण फिरवून बसवायची नवी तऱ्हा आली की आमच्या घरात आठवडाभर चटणी भिंतीवर असते. हाताला चाळीस वर्षांत जे येतं ते शहाणपणच आहे आणि चांगली सुधारणा ते वाया घालवत नाही.

या गावात असं काम जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. त्या काळी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती की लोखंडानं जमीन विषारी होते. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण शेतकऱ्याच्या अडाणीपणावर बोट ठेवतात. मला ते पटत नाही. ज्याची जमीन एकदा बिघडली तर पिढी उपाशी राहील त्यानं नव्या वस्तूकडं संशयानं पाहणं रास्तच होतं. किर्लोस्करांचं मोठेपण मला दिसतं ते त्यांनी ती दोन वर्षं धीर धरला यात. पुढं जागेचा प्रश्न निघाला आणि 1910 मध्ये कारखाना बेळगावातून औंध संस्थानात गेला, किर्लोस्करवाडी झाली. पण लोखंड ओतणं, कापणं, जुळवणं हा नाद या मातीत राहिला, असं उद्यमबागेतून हिंडताना वाटतं.

आता पावसाविषयी. आमच्याकडच्या कुठल्याही सुधारणेची परीक्षा पाऊस घेतो. उन्हाळ्यात झकास चाललेली वस्तू आषाढात तोंड फिरवते. बेळगावात पाऊस बरा म्हणायचा. जांबोटी-कणकुंबीकडं तो जो लागतो तो लागतोच. त्या पट्ट्यातली रोपलावणी बघितलीत तर वाकून काम करणाऱ्या बायकांच्या पाठीवर इरलं दिसेल. बांबूच्या पातळ कामट्यांच्या दोन जाळ्या, पूर्वी त्यांच्या मध्ये पानं दाबलेली असत, आता प्लास्टिकचा कागद असतो. डोक्यावरून कमरेपर्यंत पाठ झाकणारं, पुढून उघडं. छत्रीला एक हात द्यावा लागतो आणि छत्री उभ्या माणसासाठी केलेली. इरलं वाकलेल्या माणसासाठी केलेलं आहे, दोन्ही हात चिखलात मोकळे ठेवून. पानांच्या जागी कागद कुणी पहिल्यांदा घातला हे कुणालाच माहीत नाही. वजन उतरलं, दरवर्षी पानं शोधायची दगदग गेली, आणि आकार मात्र कुणी बदलला नाही, कारण आकारात बदलण्याजोगं काही नव्हतंच. काय ठेवायचं हे कळणं मला काय बदलायचं हे कळण्याइतकंच अवघड वाटतं.

आमच्या सोप्यातल्या झोपाळ्यालाही पावसाचाच विचार करावा लागला. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या. तेल घातलं की दोन दिवस शांत, मग तेल गळून गादीवर डाग. मी भावोजींना म्हटलं, बेअरिंग घाला की, सायकलच्या चाकात असतं तसं. त्यांनी मान हलवली. "वहिनी, बेअरिंग गोल फिरायला असतंय. झोपाळा फिरत नाही, जातो नि येतो." मग कागदावर काढून दाखवलं. चाक पूर्ण फिरतं तेव्हा आतल्या गोळ्या फिरत राहतात आणि ग्रीस सगळीकडं पसरतं. झोपाळा मात्र थोडासा कोन पुढं, थोडासा मागं. त्याच गोळ्या त्याच जागी दाबल्या जातात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं, गोळ्यांच्या वाटेत खळगे पडतात. पाच माणसांचं वजन घेऊन जागच्या जागी डुलणाऱ्या कडीला बेअरिंगपेक्षा साधा बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी नळी, बरा.

बुश कशाचा? नायलॉनचा स्वस्त, आवाज नाही, तेल नको. पण नायलॉन हवेतली ओल पितं आणि फुगतं. उन्हाळ्यात बेतानं बसवलेला बुश पावसाळ्यात पिनेला आवळून धरणार. आमच्याकडं हवा चार महिने ओली. म्हणून त्यांनी गनमेटलचा बुश केला, आतून तेलासाठी नागमोडी चर कोरला, आणि वर टोपण दिलं म्हणजे तेल बाहेर येणार नाही. चर कोरताना मी शेजारी उभी होते. टोकदार हत्यार हातानं हळूहळू पुढं सारत, चकती हातानंच फिरवत, त्यांनी पितळी रंगाच्या त्या नळीच्या पोटात वळणाची बारीक वाट काढली. भुसा सोन्यासारखा खाली पडत होता. नंतर त्यांनी करंगळी आत घालून फिरवली, कुठं कंगोरा लागतो का ते बघितलं.

बसवायच्या दिवशी सासूबाई मध्ये पडल्या. त्यांचं म्हणणं, कुरकुर पूर्ण घालवू नका. पोराला झोपाळ्यावर निजवून त्या स्वयंपाकघरात काम करत आणि आवाजावर कान ठेवत. कुरकुर मंद झाली की झोका द्यायला उठायचं, एकदम थांबली की बाळ उठून बसलं म्हणून पळायचं. घरात त्या वेळी माझी लेक बाळंतपणाला आलेली. भावोजींनी वाद घातला नाही. चार कड्यांपैकी तीन कड्यांना बुश बसवला, माजघराकडची एक तशीच ठेवली, आणि झीज होऊ नये म्हणून तिला मात्र कडक पोलादाची पिन घातली. कुठल्याही कारखान्याच्या नकाशात ही कडी आली नसती. सासूबाई आता नाहीत. पण त्या कडीला आम्ही बुश घातलेला नाही, कारण घरात आणखी एक पाळण्यातलं बाळ आहे आणि त्यांची युक्ती अजून चालते.

पावसाळ्यात गल्लीतल्या पोरांचा कॅरम हा असाच एक विषय. मंडळाच्या खोलीत जून ते सप्टेंबर कॅरम चालतो, बाहेर करण्यासारखं काही नसतंच. एका वर्षी पोरं तक्रार करायला लागली की बोर्ड जड झाला, स्ट्रायकर पळत नाही, सोंगट्या अडखळतात. पावडर टाकली की चिकटून बसते. 74 सेंटिमीटरचा चौरस गुळगुळीत पृष्ठभाग, त्यावर पाच-साडेपाच ग्रॅमची सोंगटी आणि फार तर 15 ग्रॅमचा स्ट्रायकर. एवढ्या हलक्या खेळात लाकडानं जराशी ओल धरली तरी फरक जाणवतो. पण बोर्ड तोच, पाऊस तोच, मग आत्ताच काय झालं?

उत्तर छताला टांगलेलं होतं. पूर्वी बोर्डाच्या वर शंभर वॉटचा पिवळा दिवा असायचा, पत्र्याची टोपी घालून. तो गेला आणि एलईडी आला. शंभर वॉटच्या जुन्या दिव्यातली बहुतेक वीज उष्णतेत जायची. आपण तिला नासाडी म्हणत होतो, आणि तीच उष्णता तासन् तास बोर्ड सुकवत होती. एलईडीनं विजेचं बिल वाचवलं, उजेड चांगला दिला, आणि कुणाच्या लक्षात नसलेलं एक काम बंद केलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. जुनी वस्तू काढून टाकण्याआधी ती मुकाट्यानं आणखी कोणकोणती कामं करत होती हे बघायला हवं, आणि ते बघायचं तर रोज वापरणाऱ्याला विचारावं लागतं. पोरांपैकी एकानं सांगितलं होतं की दिवा बदलल्यापासून हात थंड पडतात. तिथूनच सुगावा लागला.

दुसरी गोष्ट पाठीची. कॅरमची पुढची बाजू पॉलिश केलेली, पाठ बहुधा कोरीच. ओल पाठीमागून शिरते, पाठ फुगते, पुढची बाजू होती तेवढीच राहते, आणि बोर्डाला बाक येतो. सोंगट्या एका बाजूला गोळा व्हायला लागल्या की समजावं. भावोजींनी पोरांकडून वैशाखातच, बोर्ड उन्हात खडखडीत वाळलेला असताना, पाठीला व्हार्निशचे दोन हात मारून घेतले, कडांनाही. भिंतीला टेकवून ठेवायचा तो आता दोन लाकडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून चार बोटं सुटा टांगतात, म्हणजे मागं वारा खेळतो. पावडरीच्या डब्यात तव्यावर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. ती मात्र पोरांनी स्वतः शोधली, घरच्या मिठाच्या बरणीत बघून.

सगळंच मात्र हात लावण्यासारखं नसतं. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणून तिथं बोल्ट ठोकून बसवलेला एक कुकर मी पाहिला आहे आणि त्या घरात मी भात होईपर्यंत स्वयंपाकघराबाहेर उभी राहिले. डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं 1679 मध्ये वाफेच्या दाबावर हाडं मऊ करणारं भांडं दाखवलं. भांडं फुटू नये म्हणून त्यानं वजन टांगलेली झडप बसवली. आपल्या शिट्टीचं वजन त्याच कुळातलं. आत दाब वाढला की पाणी 120 अंशांच्या आसपास जाऊन उकळतं; बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथं उघड्या भांड्यात ते साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं, म्हणून तर आमच्या तूरडाळीला कुकर लागतोच. शिट्टी अडली तर शेवटचा उपाय तो व्हॉल्व्ह. त्याच्यातला मऊ धातू वितळून वाफेला वाट देतो, म्हणजे तो वाया जाण्यासाठीच केलेला आहे. तिथं मजबूत बोल्ट बसवणं ही सुधारणा होऊच शकत नाही. गॅसचा रेग्युलेटर, विजेचं अर्थिंग, कुकरची झडप. या तीन ठिकाणी अस्सल कंपनीचा भाग आणून बसवावा, आणि कुणी कितीही हुशार असला तरी हात आखडता घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. भावोजींचंही. त्यांनी तो बोल्ट स्वतः जाऊन काढला.

लोक विचारतात, एवढं करता तर पेटंट का घेत नाही? मी त्याची माहिती काढली. भारतात पेटंट 20 वर्षांचं असतं. आधी तात्पुरता अर्ज करता येतो, मग पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. वस्तू चारचौघांत दाखवून झाल्यावर अर्ज केला तर नवेपण गेलं असं धरलं जाऊ शकतं, म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन. शिवाय माहीत असलेल्या दोन वस्तू शेजारी जोडल्या आणि त्या आपापलं काम पूर्वीसारखंच करत राहिल्या, तर कायदा त्याला शोध म्हणत नाही. नुसता आकार नवा असेल तर डिझाइनची नोंदणी, ती 10 वर्षांची आणि पुढं 5 वर्षं वाढते. आणि इथंही सीमा आडवी येते: महाराष्ट्रातल्या कागलच्या माणसाचा अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडं, कर्नाटकातल्या निपाणीच्या माणसाचा चेन्नईच्या. आता ऑनलाइन होतं, त्यामुळं प्रवास तरी नाही. ज्याला वस्तू विकायची आहे त्यानं हे जरूर करावं. गल्लीतला कारागीर अर्ज करत नाही आणि वर्षभरात तीच वस्तू दुसऱ्याच्या नावानं बाजारात येते, हे मला सलतं.

पण कागद हातात आला म्हणजे झालं असंही नाही. इंग्लंडातल्या जॉन के यानं 1733 मध्ये धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन. दोरीला हिसका दिला की धोटा मागाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावतो, रुंद कापडासाठी दुसरा माणूस लागत नाही. कारखानदारांनी धोटा वापरला, पैसे दिले नाहीत, आणि त्याच्या खटल्यांना तोंड द्यायला आपसात वर्गणी काढली. के खटल्यांत खंक झाला आणि फ्रान्सला गेला. शहापूर-वडगाव-खासबागेत ज्यांनी हातमागावर साड्या विणल्या त्यांच्या हातात तीच दोरी होती. त्या हिसक्याचा आवाज माझ्या लहानपणी गल्लीभर असायचा.

सध्या परड्यात चाललंय ते कपडे वाळवायचं काम. पावसाळ्यात कपडे वाळणं हा आमच्याकडं घराघरातला प्रश्न. पूर्वी बाळाची दुपटी-लंगोट शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवत, खाली धूप. मोठ्यांच्या कपड्यांना ते शक्य नाही. ऊब वर चढते, म्हणून स्वयंपाकघराच्या छताशी कपडे टांगले तर लवकर वाळतात. पण तिथं हात पोचत नाही. छताला कप्प्या लावून वरखाली करायची काठी बाजारात मिळते. तिची खोड अशी की दोन्ही टोकांच्या दोऱ्या वेगळ्या. एक टोक आधी खाली येतं आणि ओली साडी घसरून जमिनीवर. भावोजींनी एका बाजूला जोडकप्पी घालून दोन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी आणल्या. काठी आता समतोल उतरते. ओझं जड वाटतं म्हणून काठीशी एक फिरती कप्पी वाढवली. ओढ निम्म्यावर आली, दोरी दुप्पट ओढावी लागते, ते चालतं.

अडलंय ते दोरी बांधायच्या जागेवर. काकी म्हणतात, खुंटी कमरेशी हवी, खांद्याच्या वर हात नेऊन मला आता गाठ मारवत नाही. सून म्हणते, कमरेशी लावली तर पोरगा सोडणार आणि भरली काठी डोक्यात पडणार. दोघींचंही खरं आहे. वडगावात मोडीत निघालेल्या एका हातमागाचं, कापड गुंडाळायच्या दांड्याचं दातेरी चाक भावोजींनी आणलं आहे. ओढताना ते फिरतं, सोडलं की खिट्टी दात्यात अडकते, गाठ मारायलाच नको. खाली उतरवायचं तर आधी दोरी जराशी ओढून भार काढायचा आणि ती तशीच ओढून धरून खिट्टी उचलायची. पोराला ते जमणार नाही. पण काकींचा उजवा अंगठा संधिवातानं आखडलेला, त्यांना चिमटीत धरून उचलता येत नाही. म्हणून खिट्टीला तळहातानं ढकलायची पट्टी करायची ठरली आहे. पट्टी किती रुंद हवी हे बघायला काकी उद्या सकाळी शेडमध्ये येणार आहेत.